कोरडा वेत

ता. १४, शनिवार
संध्याकाळचे साडेसहा

दादा,

तिचं मनगट माझ्या मुठीत होतं आणि मी तिला जवळजवळ ओढतच दालनाबाहेर आणलं. पायरीवर तिच्या हातातला पासपोर्ट पडला. तो उचलायलाही मी थांबले नाही, मागून कुणीतरी आणून दिला. "आई, दुखतंय," खारू म्हणाली, तेव्हा मी हात सोडला. मनगटावर माझी बोटं उठली होती. आठ वर्षांत मी या मुलीला साधी चापट मारलेली नाही.

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. नमस्कार राहिला, तो इथे घे. वहिनींनाही सांग. आम्ही ठीक आहोत, तुम्हीही असालच. खारूचे पुढचे दोन दात पडले, आता हसली की खिडकी उघडल्यासारखी दिसते. बाकी विशेष काही नाही असं लिहायची पद्धत आहे. पण विशेष आहे, म्हणूनच लिहिते आहे.

दुपारी फोनवर हे बोलून झालं असतं, पण फोन मध्येच तुटला.

जत्रेचं तुला काय सांगायचं. मांडव तुझा, खुर्च्या तुझ्या. पण तू टेम्पो घेऊन मागच्या दाराने आलास आणि गेलास. मी तिकीट काढून पुढच्या दाराने गेले. पुढून कसं दिसतं ते ऐक.

दारात प्रत्येक मुलाला एक पुठ्ठ्याचा पासपोर्ट देतात. आत सोळा चौकोन. एकेका टेबलापाशी जायचं, तिथलं काहीतरी बघायचं, की एक शिक्का. सोळा झाले की मुलाला 'जगाचा नागरिक' असं छापलेलं प्रमाणपत्र. शाळेने आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवली होती, 'पालकांनी पाल्यासोबत जगाच्या संस्कृतींचा आनंद घ्यावा.' खारूने ती फ्रिजवर चिकटवली होती. रोज सकाळी दूध पिताना ती किती दिवस राहिले ते मोजायची.

आम्ही दहालाच गेलो. एका देशाला एक टेबल. केवढाही मोठा देश असो, सहा फुटांचं टेबल आणि वर एक चादर. एका टेबलावर ब्रशने खारूचं नाव त्यांच्या लिपीत लिहून दिलं. पुढे लोकरीचा गोल तंबू होता, त्यात वाकून शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. एके ठिकाणी ढोल होता, त्याच्यावर 'हात लावू नये' अशी पाटी. मुखवट्यांच्या टेबलामागे कोण असेल? आपला पोस्टमन. निवृत्त झाल्यापासून पोट सुटलंय, त्यावर गवताची झालर बांधलेली.

"काका, तुम्ही?"

"अगं, त्या बेटावरून कोण येणार इतक्या लांब? मला म्हणाले, तुम्ही उभे राहा. आयुष्यभर जगभरातली पत्रं वाटली, आता एक दिवस जग व्हा." शिक्का मारता मारता ते म्हणाले, "आतल्या दालनात जा हं. ओळखीचं माणूस भेटेल."

मला वाटलं, तू असशील.

खारूने तेरा शिक्के मिळवले. मी तिच्याबरोबर सगळं बघत होते, हसत होते, फोटो काढत होते. चौदावं टेबल आतल्या दालनात. तिथे टेबल नाही, एक चौथरा आहे. तू पाहिलाच असशील, त्यावरचा गालिचा तुझाच आहे. समोर तुझ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा. आणि पाटी. मी ती पाठ केली नाही, पण ती जात नाही डोक्यातून: 'वेतविणकर. एका लोप पावलेल्या भटक्या जमातीचा शेवटचा वारसदार. उगम अज्ञात.'

उगम अज्ञात. दादा, बाबांचा उगम पाण्याच्या टाकीमागची तिसरी गल्ली, नळाशेजारचं घर. आजोबांचा तोच. आपला तोच. तिथून कुणी कुठे भटकलं असेल तर मी, बसने चाळीस मिनिटं. आणि शेवटचा वारसदार म्हणजे काय? वारसदार दोन आहेत. एक प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने देतो आणि दुसरी लोकांच्या कवळ्या बनवते.

त्यांना तपकिरी रंगाचा जाडाभरडा झगा घातला होता, बाह्या मनगटाच्या खाली येणाऱ्या. बाबांना. उन्हाळा असो, थंडी असो, ज्यांनी कोपराच्या वर बाही दुमडल्याशिवाय कधी वेताला हात लावला नाही. बाही वेताच्या पट्टीत अडकते, हे आपण पाच वर्षांचे असताना शिकलो. गळ्यात लाकडी मणी. आयुष्यभर त्यांच्या खिशाला काय असायचं? पेन. खुर्ची कुणाची, कधी द्यायची, ते लिहायला.

चौथऱ्याशेजारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक बाई होत्या. लोकांना सांगत होत्या, "फोटो काढा, चालेल. ते बोलत नाहीत फारसे. आम्हीच सांगितलंय बोलू नका, वातावरण राहतं." कुणीतरी विचारलं, यांना दिसतं ना नीट? बाई म्हणाल्या, "चष्मा आहे, पण काढायला लावला. त्या काळात चष्मे कुठे होते? दातही काढून ठेवायला सांगितले, फार पांढरे दिसत होते."

कुठल्या काळात, दादा? बाबा कुठल्या काळातले आहेत? बाबा या महिन्यातले आहेत. त्यांच्याकडे मोबाइल आहे, तूच घेऊन दिलास.

आणि वेत कोरडा होता.

हे मी शेवटी लिहिते आहे, पण मला दिसलं ते सगळ्यात आधी. दालनाच्या दारातूनच दिसलं. पट्टी वळवली की टोकाला कुसळ उभं राहत होतं. वळवायची, कड्कन मोडायची, ते दुसरी घ्यायचे. पायाशी तुकड्यांचा ढीग. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी, तिच्यातून लाल आलेलं. चौकटीवर उभे धागेसुद्धा पुरे झाले नव्हते, आणि सकाळपासून बसलेले. आपल्या घरी तेवढ्या वेळात ते आख्खी बैठक विणून कडेची पट्टी बांधायला घ्यायचे. लोक मात्र टाळ्या वाजवत होते. एक बाई मुलाला सांगत होती, "बघ, किती अवघड कला आहे."

अवघड नाही ती. त्यांच्याजवळ फक्त पाणी नव्हतं.

तुला बादली आठवते? निळी, कान तुटलेली. शाळेतून आलं की पहिलं काम, वेताची भेंडोळी पाण्यात टाकायची, अर्ध्या तासाने काढायची. एकदा तू खेळायला गेलास आणि विसरलास, संध्याकाळपर्यंत वेत काळा पडला. तुला रपाटा बसला आणि मी हसले म्हणून मलाही. बाबा म्हणायचे, पाहुणा आला की आधी पाणी विचारतो ना, तसंच वेताचं. आधी पाणी, मग काम.

मी त्या बाईंना विचारलं, पाणी का नाही ठेवलं? त्या म्हणाल्या, "गालिचा भिजेल म्हणून खुर्चीवाल्यांनीच नको सांगितलं. त्यांनीच तर आणून दिलंय यांना."

आणून दिलंय. टेबलं आणून दिली, पंखे आणून दिले, बाप आणून दिला.

तुझ्या गालिच्यासाठी, दादा. तू वेत भिजवलेला मुलगा आहेस. दुसऱ्या कुणी नको म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे. तुला ते म्हणता येत नाही. ज्या खुर्च्यांनी बाबांचं काम संपवलं त्याच खुर्च्यांवर बसून लोक त्यांचं संपलेलं काम बघत होते. मांडणी तूच केलीस. तुला हे एकदाही खटकलं नाही?

खारूला मी तिथून लगेच बाहेर काढलं.

इथवर लिहून मी उठले होते. कुकर लावला, खारूचा गृहपाठ बघितला. आता पुन्हा बसते आहे. वरचं वाक्य वाचलं. ते खरं नाही. लगेच काढलं नाही.

फोनचंही खरं सांगते. तो तुटला नाही, मी कापला. फाटकापाशी उभी राहून मी तुला वाटेल ते बोलत होते आणि तू ऐकून घेत होतास. मग म्हणालास, "घरात दिवसभर भिंतीशी बोलतात ते. मीच विचारलं, बाबा, बसाल का? हो म्हणाले. दाढी करून तासभर आधी तयार होते. निदान समोर माणसं तरी उभी राहतात." आणि मग म्हणालास, "तू शेवटची कधी उभी राहिलीस? काखेत कळसा आणि जगाला वळसा." तेवढ्यावर मी बटण दाबलं.

मी रागाने कापला असं तुला वाटलं असेल. राग होता. अजूनही आहे. झग्याचा, पाटीचा, गालिच्याचा. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. शेवटची मी आज उभी राहिले. सात-आठ मिनिटं. तिसऱ्या रांगेमागे.

खारू पुढे गेली होती. पासपोर्ट घेऊन सरळ चौथऱ्यावर चढली आणि बाबांसमोर उकिडवी बसली. तिला ते कोण हे माहीत नाही. ती चार वर्षांची असताना शेवटचं पाहिलंय तिने त्यांना, आणि घरात त्यांचा फोटो आहे तो आपल्या आईच्या शेजारचा, तरुणपणीचा. बाबा मोडलेले तुकडे बाजूला सारत होते. तिने त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि विचारलं,

"तुमचे पण पडले?"

"पडले की."

"माझे दोन पडले. परत येणारेत."

"तुझे येतील. माझे खिशात आहेत."

ती खुदकन हसली. तिला खोटं वाटलं. मग त्यांनी झगा वर करून खालच्या पँटच्या खिशातून रुमाल काढला आणि उलगडून दाखवला. दादा, ती कवळी मी केलेली आहे. वरचा डावीकडचा एक दात किंचित तिरका बसवलाय, त्यांचा खरा तसा होता म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, सरळ करा. मी म्हटलं होतं, सरळ केला तर ते बाबा दिसणार नाहीत.

"माझी आई असेच करते," खारू म्हणाली. "दात. खूप जणांचे. डॉक्टरांकडे, आतल्या खोलीत. मी पाहिलंय."

बाबांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली आणि रांगांकडे बघितलं. पहिल्या रांगेकडे, दुसऱ्या, माझ्याकडे. चष्मा नसला की त्यांना हातभर अंतरापलीकडे धुकं दिसतं हे मला माहीत आहे. म्हणूनच मी जागची हलले नाही. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी उभी होते. दिसत असतं तर आधीच निघाले असते.

ओळखपत्रवाल्या बाई माझ्या बाजूला आल्या होत्या. मी पाण्याचं विचारलं म्हणून म्हणाल्या, "तुम्हाला यातलं कळतं वाटतं?"

मी म्हणाले, "नाही. कुठेतरी वाचलं होतं."

त्या पाटी लावणाऱ्यांना मी दिवसभर शिव्या देते आहे. उगम अज्ञात असं त्यांनी लिहिलं. मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. बाबा आमच्याकडे यायचे बंद झाले तेव्हा मी तुला म्हणाले होते, जिने झेपत नाहीत. त्यांनीही तुला तेच सांगितलं असणार. आम्ही या इमारतीत नवीन होतो. एका रविवारी शेजारचे दोघं चहाला आले होते, मोठ्या बँकेत आहेत ते. खालून आवाज आला, "खुर्ची विणायचीय का, खुर्ची." तोच सूर. 'खुर्ची'वरचं ते ओढणं. खांद्याला भेंडोळी लावून ते आमच्या रस्त्यावर आले होते, आणि घर कुठलं ते विसरले असावेत किंवा मला गंमत म्हणून हाक मारत असावेत. गंमतच असणार. लहानपणी गल्लीच्या टोकाला आले की तसंच ओरडायचे ना, आपण धावत जावं म्हणून.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण ओरडतंय?"

मी म्हणाले, "असेल कुणी फेरीवाला." आणि उठून पडदा ओढला.

पडदा ओढताना आमची नजरानजर झाली. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

ते पाच-दहा मिनिटं तिथेच उभे होते. नंतर एक हाक आली, पुढच्या इमारतीपाशी, पण ती खरोखरच्या गिऱ्हाइकासाठी होती. चार वर्षं झाली. त्यांनी तुला सांगितलं नाही, मला विचारलं नाही. त्यांनी मला एकदा जरी दोन थोबाडीत दिल्या असत्या ना, दादा.

तर, चौथऱ्यावर. त्यांनी रुमाल पुन्हा बांधला, खिशात ठेवला. शाईची डबी चाचपून घेतली. खारूचा पासपोर्ट डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, चौदावा चौकोन शोधला आणि शिक्का मारला. मग त्याच चौकोनात अजून एक.

"आजोबा, दोनदा झाला."

"असू दे. एक तुझ्या आईचा."

तेव्हा मी पुढे झाले, तिचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणलं. त्यांच्या हातभर अंतरावरून. त्यांनी मान खाली घातली आणि नवीन पट्टी हातात घेतली. ती मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला.

खारू आता समोर बसली आहे. पासपोर्ट पुढ्यात आहे. दोन चौकोन राहिलेत, जत्रा उद्या दुपारी संपते. तिला प्रमाणपत्र हवंय. मघाशी विचारत होती, "त्या आजोबांनी दोनदा का मारला? त्यांना मोजता येत नाही का?" मी म्हटलं, येतं. चांगलंच मोजता येतं. "मग?" मी भाजी हलवत राहिले.

तुझे मेहुणे म्हणतात, एवढं काय, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा. तेही तू म्हणालास तसंच. कदाचित तुम्ही दोघं बरोबर असाल. ते खुशीने बसले असतील. पण खुशीने बसलेल्या माणसालाही पाणी द्यावं लागतं. गालिचा वाळतो. आणि पाटीवर त्यांचं नाव, गल्ली, आणि 'खुर्च्या विणून मिळतील' एवढंच लिहायला हवं होतं. त्यांची बाहीसुद्धा कुणी वर दुमडली नाही, दिवसभर. तूही नाही, मीही नाही.

आमच्या गॅलरीत एक खुर्ची आहे. लग्नात बाबांनी विणून दिलेली, तीच. तिची बैठक फाटली तेव्हा मी त्यांना बोलवायला हवं होतं. त्यांचं येणं बंद होऊन सहा महिने झाले होते. मी प्लायवूडची फळी आणून वरून ठोकली. तिच्यावर आता कुंड्या असतात. मघाशी मी कुंड्या खाली काढून ठेवल्या. अजून काही ठरवलं नाही. नुसत्या काढून ठेवल्यात.

तुझ्यावरचा राग संपलेला नाही, तो तू धरून चाल. बाबांना माझा नमस्कार सांगू नकोस. तो मी कुणाच्या हाती पाठवण्यातला नाही.

तुझी बहीण,
जिने आज त्यांना कुठेतरी वाचलं होतं

रविवार, दुपार

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून खाली लिहिते.

सकाळी दूध पिताना खारूला सांगितलं, ते तुझे आजोबा. ती म्हणाली, "मग काल का नाही सांगितलंस?" मी नळाखाली बादली धुवायला घेतली. ती म्हणाली, "बादली मी घेते."

साडेनऊला जत्रेत पोचलो. मी खुर्ची, ती बादली. बाई दारातच आडव्या आल्या, "पाणी आत नेता येणार नाही, गालिचा आहे." मी म्हटलं, गालिचा माझ्या भावाचा आहे आणि ते माझे वडील आहेत. त्या बाजूला झाल्या. गालिचा थोडा भिजला आहे. तुझा तू बघून घे.

त्यांनी चष्मा घातलेला नव्हता. मी खुर्ची पुढ्यात ठेवली, त्यांच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. ते खुर्चीच्या पाठीवरून, हातांवरून, मग बैठकीवरून बोटं फिरवत गेले, खिळ्यापाशी थांबले.

"फळी कुणी ठोकली हिच्यावर?"

"मी."

"खिळे तरी सरळ ठोकायचे," ते म्हणाले, आणि बादली जवळ ओढली.